निळा वर की पिवळा

खारीवाड्याच्या चढणीला, बर्फाच्या कारखान्याशेजारी
पुरसो केरकरांचं शिवणाचं दुकान.
पाटीवर शाळेचे गणवेश, ब्लाऊज, परकर
आणि खाली, मागाहून कुणी ब्रशने वाढवलेलं:
बोटींचे बावटे दुरुस्त करून मिळतील.

मी तिथे काजं करायचो. वय चौदा.
दारातून मुरगावचं बंदर अर्धंच दिसे,
उरलेलं अर्धं खनिजाच्या धुळीत.

रशियन बोट ओळखणं सोपं.
धुराड्यावर लाल पट्टा, पट्ट्यात कोयता-हातोडा,
सगळ्यांना तोच, एका आईच्या पोरांना
एकाच ताग्यातलं कापड घ्यावं तसा.
कुठल्या घरची, ते कळायचं कंपनीच्या बावट्यावरून.
पुरसोंनी ते वहीत पेन्सिलीने काढून ठेवले होते.
हा ओदेसाचा. हा बाल्टिकचा. हा पार पूर्वेकडचा,
याला टाके जास्त लागतात, तिकडे वारा फार असावा.
रशियन अक्षर एक वाचता येत नसे,
पण तो उलटा आर सुईने अचूक काढत.
म्हणत, "वाचायचं कशाला? काठ धरून जायचं."

ब्याण्णवच्या जानेवारीत तारास आला, थर्ड मेट.
प्लास्टिकच्या पिशवीत दोन बावटे.
एक कंपनीचा. वाऱ्याकडची कड उसवलेली.
"हा आहे तसाच राहू दे."
दुसरा लाल. तो टेबलावर ठेवला नाही त्याने,
मांडीवर धरून बसला.
"हा देश संपला," मोडक्या इंग्रजीत म्हणाला,
"नाताळच्या दिवशी. आम्ही समुद्रात होतो."

पुरसोंनी चहा सांगितला.
एकसष्टच्या डिसेंबरात याच मशीनवर
त्यांच्या बापाने रात्रभर तीन रंग जोडले होते
आणि हिरवा-लाल एक बावटा घडी करून
कुठे ठेवला, ते घरात कुणी विचारलं नाही.
यातलं ते काही बोलले नाहीत.
टेप गळ्यात घातली. "नवा कसला?"

निळा आणि पिवळा.
निळं होतं, गणवेशातून उरलेलं.
पिवळं नव्हतं. सप्ताहाच्या पताकांच्या गठ्ठ्यातून ओढलं,
"दामोदराला मी सांगतो काय ते."

पट्टे जोडायला घेतले आणि मी अडलो.
"निळा वर की पिवळा?"
तारासने छताकडे पाहिलं.
मग बंदराकडे.
"रेडिओवर," तो म्हणाला, "तेवढं सांगितलं नाही."

पुरसो हसले नाहीत.
दोरीचं घर एका टोकाला शिवलं,
तसंच दुसऱ्या टोकाला.
"कळेल तेव्हा कळेल. तोवर कसाही चढव."

पैसे नव्हते. चार महिने पगार नव्हता.
त्याने खिशातून सॅटिनचा त्रिकोणी वावटा काढला,
सोनेरी झालर, मधोमध नांगर.
तो मशीनच्या वर खिळ्याला लागला.
गिऱ्हाइकं अजून विचारतात, कुठली मॅच जिंकलात?
लाल बावटा मात्र तो पिशवीतून परत घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी बोट नऊ नंबरच्या धक्क्यावरून सुटली.
मी काजं टाकून टेकडीवर पळालो,
कुठला रंग वर आहे बघायला.
बोट वळली, मागची काठी समोर आली.
खनिजाच्या धुळीने दोन्ही पट्टे तांबडे.

पुढच्या डोलकाठीवर कंपनीचा तेवढा ओळखू आला.
त्याची कड मी शिवली होती.