वल्हेकरी

कळंबच्या आमच्या शाळेत समुद्र आला
तो दोन चादरी जोडून शिवलेल्या पडद्यावर.
शिवण उभी होती, मधोमध,
म्हणून प्रत्येक जहाज तिच्यावरून जाताना
एकदा मोडायचं, पुन्हा सांधायचं.

कार्टूनचा सिनेमा, हिंदीत बोलणारा.
चाच्यांचा कप्तान सोनेरी केसांचा,
वाऱ्यावर त्याचा एकेक केस वेगळा हलत होता.
मी चित्रकलेचा मास्तर, मला ते आधी दिसलं.
मग जहाजाच्या पोटात, साखळीला बांधलेले
तीनशे वल्हेकरी, काळे, उघडे,
आणि तीनशेंत मिळून चेहरा एकच.
कुणीतरी एकदाच काढला
आणि रबरी शिक्क्यासारखा मारत गेला.

पोरांनीही ओळखलं.
तोफेचा गोळा पडला, दहाबारा बुडाले,
पुढच्या लढाईत तोच गडी पुन्हा वल्हं मारताना.
"सर, ह्यो मघाशीच मेलता की!"
सगळी शाळा हसली. मीही हसलो.

हसला नाही तो तहसील काळे.
बाप तहसीलच्या आवारात बेडीत बसला होता
तेव्हा जन्मला,
पालावर नाव तेच पडलं, हजेरीतही तेच.
म्हणाला, "सर, ह्यांला चोर कोण म्हणलं पैल्यांदा?"
म्हटलं, राजानं. कायदा काढला त्यानं,
समुद्रावर त्याच्या परवान्यावाचून दिसेल तो चाचा.
"आन् त्यांची पोरं?"
तीही.
"जल्मायच्या आधीच?"
मी रिमोट शोधायला लागलो.

राजाचा आरमारप्रमुख भाषण करत होता,
बोट वर, तोंड उघडं,
आणि लाईट गेली.
पोरं अंधारात त्याच्यासारखं बोट वर करून घरी गेली.

चौथ्या दिवशी जमादार आला.
मोंढ्यामागं सराफाचं दुकान फुटलं होतं.
"सर, तुमचा हात चांगलाय. चोराचं चित्र द्या काढून."
सराफ शेजारी उभा.
कसा दिसत होता?
"अंधार होता हो. काळा, मध्यम, त्यांच्यातलाच."
नाक?
"असतं तसंच त्यांचं."
डोळे?
"तसलेच."
मी पेन्सिलीला टोक केलं.
अर्ध्या तासात कागद भरला.
सराफ म्हणाला, "अगदी हाच."
जमादारानं चहा मागवला.

बशीत चहा ओतताना कळलं
मी वल्हेकरी काढला होता.
भुवईवरची तिरपी रेघसुद्धा तीच.
खोडरबर माझ्या खिशात,
कागद जमादाराच्या.

त्या रात्री पालावरून अकरा जण उचलले.
एक तहसीलचा चुलता, एक सत्तरीचा म्हातारा,
एकाला मिसरूडही नव्हतं फुटलं.
अकराही जण चित्राशी जुळतात
असं कागदोपत्री आहे म्हणे.

सिनेमाचा शेवट मी नंतर एकट्यानं पाहिला,
मोबाईलवर, आवाज बंद करून.
राजा कप्तानाला माफी देतो, पिसाची टोपी देतो,
जहाजावर राजाचं निशाण चढतं,
माकडसुद्धा सलाम ठोकतं.
वारा पडलेला, शिडं लोंबलेली,
तरी जहाज चाललंय.
म्हणजे खाली कुणीतरी वल्ही मारतंय.
तिकडे चित्र जात नाही.

नऊ दिवसांनी तहसील वर्गात आला,
मागच्या भिंतीला टेकून बसला.
वही पुढं केली. पानभर नुसते कान.
चाळीसेक जोड्या असतील,
एकीत बाळी, एकीची पाळी फाटलेली,
एका कानात विडीचं थोटूक,
एकही जोडी दुसरीसारखी नाही.
"चेहरे कुठायत रे?"
"आठवू आठवू काढायलोय, सर. घाई न्हाई."

मग वही मिटत म्हणाला,
"त्या पिच्चरात पुढं काय झालं?"

"लाईट आली की बघू," मी म्हटलं.

डोक्यावर पंखा फिरत होता.