घड्या

दिवसभरात साठ साड्या उलगडतो,
विकल्या जातात सहा.
उरलेल्यांच्या घड्या.
लक्ष्मी रस्त्यावर सोळा वर्षं
मांडी घालून हेच.

पावणेसातला भालेकर डोळ्यांनीच सांगतो: निघ.
माझ्या गादीवरचा ढीग आपल्याकडे ओढतो.

नारायण पेठेत, पिठाच्या गिरणीवर, क्लास.
फी अठराशे, तीन हप्त्यांत.
पहिल्या दिवशी सगळी पोरं उठून उभी राहिली,
त्यांना वाटलं, मीच शिकवायला आलोय.

मार्चात परीक्षा. सुटलो, तर हिशेबनीस,
पाय सोडून खुर्चीत.

पुस्तक अप्पा बळवंत चौकातलं, अर्ध्या किमतीत.
आधीच्या कुणा दिघेच्या पेन्सिलीच्या रेघा
चौथ्या धड्यापर्यंत.
पुढची पानं कोरी करकरीत.
दिघे, तुझं काय झालं रे?

मी सातव्यावर आहे.
बाई सांगतात: घेणाऱ्याचं खातं नावे,
देणाऱ्याचं जमा.
खाली गिरणी सुरू होते, बाक थरथरतो,
आकडे जरा हलतात.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय:
भालेकर, जमा,
रोज वीस-पंचवीस घड्या.
रुपयांत किती धरायच्या,
बाईंना अजून विचारलेलं नाही.