एकूण अंतर

एकतीस वर्षं या माणसाला चालण्याचा पगार मिळाला.
आता चालायला पैसे मोजायचे म्हटल्यावर
उर्होच्या कपाळावर आठी आली
आणि तीन दुकानं पालथी घातली तरी उतरली नाही.

थंडर बेचा जानेवारी: उणे अठ्ठावीस,
फुटपाथवर काच पसरल्यासारखा बर्फ,
आणि मागच्या हिवाळ्यात खुब्यात बसवलेला
तो पोलादी सांधा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला. पण बाहेर नको.
(मग कुठे? हे मी विचारलं. त्याने नाही.)

बजेट तीनशे डॉलर, त्यावर एक सेंट नाही.
दुकानातला पोरगा अश्वशक्ती सांगत होता,
चढ, उतार, छातीचे ठोके,
पडद्यावर सरकणारा कुठलासा ऊबदार किनारा.
उर्होने एकच विचारलं, पट्टा किती लांब?
"धावणार नाही मी. पण माझी टांग लांब आहे.
आखूड पट्ट्यावर बायकांसारखं तुरुतुरु..."
माझ्याकडे बघून त्याने वाक्य गिळलं.

मी टेप घेऊन गेले होते.
तळघराचं छत सहा फूट आठ इंच.
उर्हो सहा फूट एक. यंत्राची पाटी सात इंच.
हिशेब चोख जमत होता,
टाळकं छताला टेकण्याइतका चोख.

शेवटी किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली:
चालायचं यंत्र, जवळपास नवं,
एकशे ऐंशी, स्वतः उचलून न्यावं.
पत्ता वाचून उर्हो म्हणाला, चारशे अठरा.
हिरवं दार. टपालपेटीचं झाकण डावीकडे अडकतं.
कुत्रा वाईट.

कुत्रा मेला होता. झाकण अजून अडकत होतं.
डोरीन पेलेटिएने त्याला ओळखलं नाही,
इतकी वर्षं तिने टोपीच पाहिली असणार.
यंत्रावर दोन स्वेटर, ओला टॉवेल,
नाताळच्या दिव्यांचा गुंता.
"घेतलं तेव्हा अगदी मनावर घेतलं होतं हो."

उर्होने पट्ट्याखाली बोट सरकवून पाहिलं,
वाकून मोटरीला कान लावला,
गुरगुरते की नुसती श्वास घेते,
मग दोन बटणं एकदम दाबून धरली,
दुकानातल्या पोराने शिकवली होती तशी.
एकूण अंतर: सदतीस किलोमीटर.
सहा वर्षांत.

मला वाटलं हसेल. हसला नाही.
"माझे दोन दिवस," एवढंच म्हणाला,
तेही फिनिशमध्ये, तिला कळू नये म्हणून.
घासाघीस त्याने केली नाही.
मी केली. वीस डॉलर सुटले.

आता ते पुढच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून.
स्वेटर मी दुसरीकडे वाळत घालते.
पहिल्या दिवशी त्याने कठडा सोडला नाही.
पायाखालची जमीन सरकणं काय असतं
ते त्याला निवृत्तीच्या दिवशीच कळलं होतं.
आता ती ताशी तीन किलोमीटरने सरकते
आणि वेग त्याच्या अंगठ्याखाली आहे.

आठवड्याने लक्षात आलं, चालताना ओठ हलतायत.
प्रार्थना? हा माणूस?
टॉवेल द्यायच्या निमित्ताने जवळ गेले.
चारशे दोन. चारशे सहा.
चारशे दहा, पायऱ्या निसरड्या.
चारशे चौदा, म्हातारीला दिसत नाही,
पाकिटावरचं नाव वाचून दाखवायचं.
आणि चारशे अठराला
उजवा हात कठड्यावरून आपसूक उठला,
हवेतलं झाकण डावीकडून सोडवलं.

अकराला टपालवाली येते. शॅना, चोवीस वर्षांची,
बुटांना लोखंडी काटे.
आमच्या पेटीत विजेचं बिल टाकते,
वर बघते, खिडकीतल्या चालणाऱ्या म्हाताऱ्याला
हात करते.
तो करत नाही.
हात भरलेले असतात त्याचे.