साडेपाच तासांचा चोर

तपकीर गल्लीतला शोएब म्हणाला,
काकू, वायफायवाला न्या, सोपा पडेल तुम्हाला.
मी म्हटलं, बाळा,
तीस वर्षं टेलिफोन खात्यात फॉल्ट काढलेत मी.
हवेतून येणाऱ्या कशावर माझा भरवसा नाही.
वायर दाखव.

मग त्याने नीट दाखवलं.
वीज आणि चित्र एकाच केबलमधून,
अंगावर पाऊस-धूळ झेलेल असा सहासष्टचा शिक्का,
चार मेगापिक्सल, आठ मेगापिक्सल
(आठचा घेतलात तर डिस्क लवकर भरेल,
हे त्यानेच सांगितलं, म्हणून पोरगा आवडला).
मी चारचा घेतला.
माझा चोर लहान होता.

बिबवेवाडीत आमच्या गल्लीतून
सोनंनाणं गेल्याचं ऐकिवात नाही.
जास्वंदी जातात.
कळ्यासुद्धा.

पहिल्या रात्री चित्र पांढरंफटक:
चुन्याची भिंत त्याचाच उजेड
त्याच्या डोळ्यात परत फेकत होती.
वीतभर सरकवला.
मग दर दहा मिनिटांनी फोन किणकिणायला लागला,
हालचाल आढळली, हालचाल आढळली.
हालचाल म्हणजे कोळी.
दिव्याला किडे, किड्यांना हा.
मी सकाळी केरसुणीने जाळं काढायची,
तो रात्रीतून नवं.
एके दिवशी जाळं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही.
मी श्रेय कापराच्या पाण्याला दिलं.

मध्येच कॅमेरा गेला.
आधी वीज बघायची, मग वायर, मग पत्ता,
हा क्रम मला झोपेतही येतो.
राउटरने त्याचा नंबर
भाचीच्या टॅबला देऊन टाकला होता.
एका नंबरावर दोन घरं.
आमच्या वेळी याला क्रॉस कनेक्शन म्हणत,
आणि त्यातून एक लग्नही जमलेलं मला माहीत आहे.

आणि मग तो दिसला.
बारा वाजून बावीस मिनिटं.
मफलर, हातात आकडी,
आणि पांढरी फुलं तोडत होता.
माझ्याकडे पांढरं फूलच नाही!
(शोएब फोनवर हसला: रात्रीच्या डोळ्याला लाल असंच दिसतं, काकू.)

तीन रात्री जागले.
थर्मासमध्ये चहा, मांडीवर बॅटरी, अंगावर शाल,
मार्गशीर्षातली थंडी.
कोणी आलं नाही.
सकाळी रेकॉर्डिंग लावलं,
बारा बावीसला तो होता,
आणि त्याच झाडाखाली त्याच वेळी बसलेली मी
कुठेच नव्हते.

खोटं कशाला सांगू, रामरक्षा म्हटली.

मग त्याच्या मागून एक सायकल गेली,
कॅरिअरवर पेपरचा गठ्ठा.
मध्यरात्री पेपर?
मी सेटिंग उघडलं.
कॅमेरा बिबवेवाडीत टांगलेला,
मनाने लंडनात राहत होता.

साडेपाच मिळवले.
पाच बावन्न.

दुसऱ्या दिवशी बाहेर गेले नाही.
गॅसवर आधण ठेवलं आणि फोन डब्याला टेकवून उभा केला.
आले. नेर्लेकर, समोरचे,
पार्किंगवरून दोन वर्षं माझ्याशी न बोलणारे.
त्यांनी आकडी वर केली
ती फांदीकडे नाही, सरळ माझ्याकडे, म्हणजे काचेकडे.
फोडतात, वाटलं.
आकडीच्या टोकाला फडकं बांधलेलं होतं.
त्यांनी कोळ्याचं जाळं पुसलं,
एकदा, मग मान वाकडी करून पुन्हा एकदा,
चष्मा पुसावा तसं.
मग कुंपणाबाहेर गेलेल्या फांदीची
मोजून पाच फुलं.

आधण उतू गेलं.

कॅमेऱ्यात एक सोय असते:
शेजाऱ्याची खिडकी दिसू नये म्हणून
चित्रावर काळा चौकोन ओढता येतो.
तो मी त्या फांदीवर ओढला.
कळ्यांचं मात्र बोलायला हवं त्यांच्याशी,
कधीतरी, समोरासमोर.

घड्याळ दुरुस्त करायचं राहिलंच आहे.