खालच्या बाजूची नावं

मंगळवारी आणि शनिवारी, सांता क्लाराच्या चढावर,
उजाडायच्या आत आम्ही चादरी अंथरतो.
लिस्बनचे लोक याला चोरटीचा बाजार म्हणतात.
माझ्याकडे चोरीचं काही नाही. नळाच्या तोट्या,
कुलपं हरवलेल्या किल्ल्या, एक पितळी घंटा
जिची जीभ कुणीतरी आधीच विकून खाल्लीय.

डाव्या हाताला ग्रासिएत बसते.
नवरा, ओलिंपियो, शिलाईयंत्रं दुरुस्त करायचा.
तो गेला तेव्हा घरात सात यंत्रं होती.
पाच हातोहात गेली. गिऱ्हाइकासमोर
ती यंत्र आडवं करून खालची बाजू दाखवायची.
तिथे खिळ्याने कोरलेली नावं:
एर्मेंगार्दा. झुल्मिरा. झुल्मिराची सून, नुसतं आद्याक्षर.
कुणी कुणाचं खोडलेलं नाही.

सहावं तिचं स्वतःचं, ते विकायचं नाही.
सातवं पांढरं, काचेच्या पडद्याचं,
बटण दाबलं की वेलबुट्टी काढणारं,
मुलाने आईच्या साठीला हप्त्यांवर घेतलेलं.
हप्ते फिटले. पावती आहे. पावतीवर शिक्का आहे.

ते घेतलं नेलिदाने. केप वर्दची.
शाळेच्या गणवेशांवर पोरांची नावं भरते.
तासभर घासाघीस, एकशे चाळीस युरो,
मग दोघींनी यंत्र दोन बाजूंनी धरून ट्रामपर्यंत नेलं,
नवरीची पेटी न्यावी तसं.

शनिवारी यंत्रासकट परत.
पडद्यावर म्हणे अगदी सभ्य भाषेत येतं:
हे उपकरण दुसऱ्या मालकाच्या नावे आहे.
कृपया मूळ मालकाशी संपर्क साधा.
मूळ मालकीण तिच्यासमोरच उभी,
हातात सार्डिन घातलेला पाव.

कंपनीला फोन. तिकडची मुलगी गोड बोलली.
यंत्र तुमचंच आहे, बाई. आतली नक्षी मात्र
फक्त वापरायला दिलेली, आणि फक्त तुम्हाला.
ग्रासिएतने पाव चादरीवर ठेवला.
"म्हणजे तीन वर्षं माझ्याच घरात
मी कूळ होते?"

ग्राहकांच्या कचेरीत एव्हारिस्तो नावाचा कारकून.
चश्मा दोऱ्याने बांधलेला. मी सोबत गेले होते.
तो म्हणाला, वस्तू एकदा विकली
की विकणाऱ्याचा तिच्यावरचा हक्क संपतो.
आमच्या कायद्यात त्याला जो शब्द आहे
तोच आम्ही थकल्या माणसालाही लावतो.
हक्क दमतो आणि आपल्या घरी जातो.

"मग याचा का दमत नाही?"

त्याने यंत्राकडे बघितलं, बराच वेळ.
लोखंडावरचा दमलाय, म्हणाला.
नक्षीवरचा अजून टक्क जागा आहे.
मी पत्र लिहितो.

चार पत्रं गेली. एका उत्तरात
आमच्या संयमाबद्दल आभार होते.

मग एका मंगळवारी ग्रासिएतने पांढरं यंत्र आडवं केलं.
खाली प्लॅस्टिक, त्यावर चिकटपट्टी,
काढाल तर हमी रद्द.
तिने माझ्याकडची एक किल्ली मागितली, लांब दातांची,
आणि पट्टीच्या मधोमध कोरलं: ग्रासिएत.
प्लॅस्टिकवर नीट उमटत नाही, तीनदा गिरवावं लागलं.
खाली थोडं अंतर सोडून: नेलिदा.
साठ युरो परत मोजून दिले.
साधा सरळ टाका ते अजून घालतं,
तेवढ्याचेच पैसे, म्हणाली.

नेलिदा आता नावं हातानेच भरते, रात्री.
शिवण यंत्रावर, अक्षरं बोटांनी.
पाचवं पत्र एव्हारिस्तोकडे अडकलंय,
तो सुट्टीवर.

किल्ली मी परत चादरीवर ठेवली.
एका माणसाने घंटा उचलली, हलवली, आत डोकावला.
वाजत नाही, मी म्हटलं.
पण तुम्हाला नकोशी झाली
तर पुढे कुणालाही देता येईल,
मला विचारावं लागणार नाही.
त्याने दोन युरो कमी केले.