जखम भरायला आलेले

मेणाच्या वडीतून चार मायक्रॉनची चकती कापते,
कोमट पाण्यावर सोडते. ती सायीसारखी पसरते.
पंधरा वर्षं हेच काम, एरंडवण्यात, तळघरात.
वर कर्वे रस्ता, कायम कुठेतरी खणलेला.

आजची काच चोवीसशे सतरा, ब.
वय अठ्ठेचाळीस, डावा स्तन. नाव आमच्यापर्यंत येत नाही.
निळा रंग चढला तेव्हा दिसलं,
गाठीत गाठ थोडी आणि डागडुजीच जास्त.

मोघे डॉक्टर म्हणाले, "या लांबुडक्या पेशी बघा.
या शत्रू नव्हेत. परवा तुमचं बोट कापलं ना,
तिथे आत्ता याच राबत असतील."
मी बोट पाहिलं. पट्टीखाली ओढ लागत होती,
कुणीतरी दोन्ही काठ जवळ घेत होतं.

गुणाच्या आहेत. हाक आली की धावतात,
दोर वळतात, दोर ताणतात, भोक मिटवतात,
आणि काम झालं की मरून जातात.
मुकाट. बिल न लावता.
पौड फाट्यावर असं कधी झालं नाही.
पाण्याची नळी सांधायला ठेकेदार आला,
पत्रे ठोकले, मग केबलसाठी खणलं, मग ड्रेनेजसाठी.
आता तिथे चहाची टपरी आहे
आणि रस्ताच टपरीला वळसा घालून जातो.

काचेवर तसंच.
गाठ रोज खोटी हाक घालते: जखम आहे अजून, या.
त्या येतात. मऊ होतं ते घट्ट करतात,
विस्कटलेले तंतू विंचरून सरळ करतात
गाठीपासून बाहेरच्या दिशेला, भांगासारखे.
आणि त्या भांगातून
पुढे या, मागे त्या दुसऱ्या, बोट धरून, एकेरी रांगेत
चरबीच्या पांढऱ्या मोकळ्या रानात उतरतात.

माझ्या उजव्या कानावर वाटाण्याएवढी गाठ आहे.
एकोणिसाव्या वर्षी तुळशीबागेपाशी
हट्टानं दुसरं भोक पाडलं होतं.
भोक बुजलं. मग बुजतच राहिलं.
निरुपद्रवी आहे. दोनदा कापली,
दोनदा तिला वाटलं नवी जखम झाली,
दोनदा आधीपेक्षा मोठी होऊन धावत आली.
मी केस मोकळे सोडते.

बाबा गेले तेव्हा कुमुदआत्या पंधरा दिवसांसाठी आली होती.
तिनं आम्हाला जेवायला घातलं, आईला उठवून बसवलं,
आल्यागेल्याला तोंड दिलं.
अकरा वर्षं राहिली.
शेवटी शेवटी आईला स्वतःच्या स्वयंपाकघरात
पातेलं कुठे आहे ते विचारावं लागायचं.
आत्याचं चुकलं, असं माझ्यानं म्हणवत नाही.
घरातलं रडणं कधीच थांबलं होतं,
तिला ते कुणी सांगितलंच नाही.

सहा वाजता काचा मोजून पेटीत लावल्या.
चोवीसशे सतराचा अहवाल उद्या जाईल.
त्यात हे सगळं एका ओळीत असेल.

रात्री ओट्यापाशी उभी राहून पट्टी सोडली.
काठ जुळलेत, कडा गुलाबी, थोडी खाज.
नळ बंद केला, की नीट ऐकू जावं,
आणि बोटाला म्हटलं,
"बरं झालंय हं. खूप केलंत.
या आता."