पाचवं बोट

आमची मिर्री चार बोटांचीच होती.
तीन बोटं, एक अंगठा.
समुद्र खवळला की ती हात वर करायची,
एक, दोन, तीन, चार,
आणि चारला लाट जागच्या जागी थबकायची,
वाडग्यातल्या शिळ्या भातासारखी घट्ट.

बावन्न भाग.
हात खाली आहे ते चित्र थिबोचं,
हात वर पोचलाय ते चित्रही थिबोचं.
आणि खालून वर जातो ना हात,
ती सगळी वाट माझी.
बे ओक-सुन, गुरो, सोल, तिसरा मजला,
दिवसाला चाळीस कागद.
नावांच्या यादीत आमचा मजला नव्हता.

तीस वर्षांनी व्हँकुव्हरचं तिकीट आलं.
मिर्री आता खरी होणार म्हणे, हाडामांसाची.
समुद्र तेवढा खोटा,
तो नंतर ओतणार हिरव्या पडद्यावर.

बर्नाबीच्या गोदामात लांबलचक टेबल.
निर्मातीणबाई हॅल्बर्ग म्हणाल्या,
मुलीला पाच बोटं आहेत, पाच मोजू द्या.
थिबो म्हणाला, चार.
कुणी म्हणालं, करंगळी संगणकावर पुसू,
आणि दर सेकंदाचा खर्च सांगितला.
कुणी म्हणालं, पुसू नका,
अपघात झाल्यासारखं दिसेल, लहान पोरं घाबरतील.
थिबो उठून उभा राहिला.
चार म्हणजे चार दिशा, चार ऋतू,
मिर्रीच्या बेटावर पाचवं काही नाहीच!
मूठ आपटली. त्याची कॉफी
माझ्या दुभाष्याच्या मांडीवर.

मी हसू दाबलं.
दिशा कसल्या आणि ऋतू कसले.
त्या हिवाळ्यात आमचे क्वाकसाहेब म्हणाले होते,
एक बोट कमी करा,
हजार कागदांमागे चार दिवस वाचतात.
आमचं हातावर पोट,
त्या हाताचंच एक बोट छाटलं.
दिशा थिबोला नंतर सापडल्या,
कुठल्याशा मुलाखतीत, कुणी विचारल्यावर.
पण तोवर
कुठकुठल्या देशांतली पोरं
करंगळी दुमडून न्हाणीघरात समुद्र थांबवत होती.
माझी पुतणी तर शाळेत
चारच्या पुढे मोजायलाच तयार नव्हती.
मग आता ते खोटं म्हणू, की काय म्हणू?

दोघंही माझ्याकडे वळले.
ओक-सुन, तू होतीस ना तिथे, तू सांग.
तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं कुणी.
मी म्हटलं, मी मधलं काढते,
शेवटचं चित्र माझ्याकडे कधी नसतं.
दुभाष्यानं याचं काय केलं कोण जाणे,
सगळ्यांनी आदरानं माना हलवल्या.

गुरुवारी थिबो गेला.
पत्रात लिहिलं होतं, सर्जनशील मतभेद.
वाक्य इतकं गुळगुळीत
की त्यात एक हाड लागत नव्हतं.
त्याचा मफलर खुर्चीवरच राहिला.
हॅल्बर्गबाईंनी तो घडी करून ठेवला,
मग उलगडला, पुन्हा घडी केली.
त्यांच्या पोरीलाही मिर्री आवडायची,
हे त्या मला लिफ्टमध्ये म्हणाल्या. मजला आला.

शुक्रवारी खरी मिर्री शेजारी येऊन बसली.
ओट्टिली, नऊ वर्षांची, समोरचा एक दात नाही.
संत्रं सोलता सोलता म्हणाली,
पाचवं बोट कुठे गेलं?
पैसे नव्हते, मी म्हटलं.
तिला ते लगेच पटलं.
म्हणाली, आमच्याकडे पण कुत्रा नाहीये, त्याच कारणानं.
मग हाक आली, आणि ती
संत्र्याच्या हातांनीच पडद्यासमोर गेली.

हात वर जाऊ लागला.
अर्ध्यावर, खांद्याच्या जरा वर,
तो हलकाच थरथरला. थंडीनं असेल.
तिथलाच तो कागद,
मी शेकडो वेळा काढलेला,
आणि ती थरथर एकदाही नाही.
चार मोजले की पाच, मी पाहिलंच नाही.

रात्री हॉटेलच्या कागदावर काढायला बसले.
अंगठा आला. तर्जनी, मधलं, अनामिका, सरसर.
करंगळीला पेन्सिल अडली.
कुठून फुटते ती, किती उंच जाते,
काही केल्या आठवेना.
मग दिवा जवळ ओढला
आणि आपलाच डावा हात समोर धरला.